काय काढलं ते सांगा

केशवआबांनी पाणी मागितलं की आमचे मॅनेजर साहेब फोन कानाला लावून वर्कशॉपकडे सटकायचे. फोनवर कुणी नसायचं. बारामतीत गाड्यांच्या शोरूममध्ये पुढच्या टेबलाला बसून मला आता बरीच वर्षं झाली. भांडायला येणारी गिऱ्हाइकं मी पोत्यानं पाहिलीत. पण भांडणाआधी घसा ओला करून घेणारा माणूस एकच. आबा चपला दाराबाहेर काढायचे, आत येऊन खुर्चीवर टेकायचे आणि म्हणायचे, "ताई, जरा पाणी द्या." ग्लास रिकामा करायचे, मिशा पुसायचे, टोपी मांडीवर ठेवायचे आणि मग सुरू व्हायचे. शिवी कधी दिली नाही. पण आवाज असा की वर्कशॉपमधला स्पॅनर थांबायचा.

आबा बावड्याचे. घरचा ऊस, थोडं डाळिंब, सगळं ठीकठाक. आमच्या कंपनीची गाडी सोडून त्यांनी दुसरी कधी घेतली नाही. पांढरी, उंच, डिझेलची. एक जुनी झाली की तशीच नवी. कंपनीचं नाव मी घेणार नाही. पगार तिथूनच येतो, आणि माझा रागही तिच्यावरच आहे.

दरवर्षी कंपनी आपल्या सगळ्या गाड्या 'नवीन वर्षाची मॉडेलं' म्हणून परत बाजारात आणते. गाड्या त्याच असतात. ह्या गाडीला नवा रंग, त्या गाडीला मोठा स्क्रीन, तिसरीला मागचे दिवे एका पट्टीत, आणि सगळ्यांत स्वस्त गाडीला छतावर दांड्या, ज्यांना साधी पिशवीसुद्धा बांधता येत नाही. आम्ही फुगे लावायचे, केक कापायचा, सेल्सच्या पोरांनी एकसारखे शर्ट घालून पाठ केलेलं म्हणून दाखवायचं. आबांना गाडी घ्यायची असो वा नसो, त्या दिवशी ते हजर. केळीची फणी नाहीतर डाळिंबाची पिशवी माझ्या टेबलावर ठेवायचे आणि गर्दीत जाऊन उभे राहायचे. पोरगं बोलायला लागलं, की ह्या साली काय काय नवीन दिलंय, की आबांचा हात वर.

"काय घातलं ते ऱ्हाऊ द्या. काय काढलं ते सांगा."

झाली का पंचाईत. कारण काढलेलं कंपनी कधी सांगत नाही. घातलेलं मोठ्या अक्षरात येतं, रंगीत येतं, त्याच्यावर गाणं येतं. काढलेलं आपलं गुपचूप निघून जातं आणि गिऱ्हाइकाला कळतं ते गाडी दारात आल्यावर. आबांना हे कुठल्यातरी सालात कळलं होतं आणि तेव्हापासून ते कंपनीच्या मागे हात धुऊन लागले होते. पोरं म्हणायची, आबा, साल बदललं की गाडी बदलणारच ना. आबा म्हणायचे, "गाडी हाय का कॅलेंडर?"

एका वर्षी कंपनीने एसीची फिरवायची बटणं काढली आणि सगळं स्क्रीनमध्ये कोंबलं. आबांनी पाणी मागितलं. अर्धा ग्लास प्यायले, उरलेल्यात बोट बुडवलं आणि तसेच जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले. ओलं बोट स्क्रीनवर टेकवलं तर एसी राहिला बाजूला, गाडीत रेडिओ सुरू झाला. परत टेकवलं, तो बंदच होईना. पावसात माझा हात असाच असतो, म्हणाले, तेव्हा मी समोरची उसाची ट्रॉली बघू का ह्या स्क्रीनचं तोंड बघू? मॅनेजरना ह्यावर एकच सुचलं, की आबा, लोकांना आता हेच आवडतं. आवडणाऱ्यांचे हात कोरडे असतील, असं म्हणून आबा उतरले.

पुढच्या एका सालात डिकीतली स्टेपनी बारकी झाली. बाकीची चाकं मोठी आणि जादाचं चाक सायकलीच्या थोरल्या भावासारखं. आबांनी ती बाहेर काढायला लावली, मोठ्या चाकाला टेकवून उभी केली आणि सगळ्या गिऱ्हाइकांना हाका मारून दाखवली. चार पाय मोठे आणि पाचवा बारका, असलं जनावर बाजारात तरी खपतं का, असं विचारत होते. लोक पोट धरून हसले. एका माणसाने बुकिंग रद्द केलं. त्या दिवशी मॅनेजर साहेब मला म्हणाले, ह्या म्हाताऱ्याला पाणी देत जाऊ नका. मी दुसऱ्या दिवशी घरून तांब्या आणला.

आबांची गाडी बघायची एक रीत होती. दार उघडून लावायचे आणि मान तिरकी करून आवाज ऐकायचे. बॉनेटवर थाप मारायचे. मागच्या सीटवर बसून गुडघे पुढे टेकतात का बघायचे. सगळीकडे बसायचे, फक्त पुढच्या डाव्या सीटवर बसायचे नाहीत. एकदा सेल्सचा नवा पोरगा मागेच लागला, आबा तुम्ही इथं शेजारी बसा, मी चालवून दाखवतो. आबा म्हणाले, "ती जागा मालकिणीची हाय," आणि मागे जाऊन बसले. शोरूमच्या गाडीत, जिच्यात काकूंनी कधी पाय ठेवलेला नाही, तिच्यातसुद्धा.

मालकीण म्हणजे शालनकाकू. लहानपणी पोलिओनं उजवा पाय गेला. गुडघा वाकत नाही. त्यामुळे बुटकी गाडी त्यांच्या कामाची नाही, तेवढं खाली बसताच येत नाही. गाडी उंच हवी आणि दाराच्या आत, पुढच्या काचेच्या खांबाला, धरायला मूठ हवी. आबांच्या सगळ्या गाड्यांना ती होती. काकू डाव्या हातानं मूठ धरायच्या, चांगला पाय पायरीवर टेकवायच्या आणि एक हिसका मारून सीटवर. मग दोन्ही हातांनी उजवा पाय आत उचलून घ्यायच्या आणि पदर सारखा करून समोर बघायच्या. मी हे सर्व्हिसिंगला आल्यावर कितीदा पाहिलंय. त्या वेळी आबा दुसरीकडे बघत उभे राहायचे. मदत करायची त्यांना मनाई होती.

ही मनाई काकूंनी लग्नातच घातलेली. आबांनीच मला सांगितलं, आणि सांगताना चेहरा असा खुलला होता की जणू त्यांनाच बक्षीस मिळालंय. शाळेत बापानं उचलून नेलं, जत्रेत चुलत्यानं नेलं, मांडवात मामानं आणलं. सासरी आल्यावर बाई नवऱ्याला म्हणाली, "आता मला कुणी उचलायचं न्हाय. तुमीबी न्हाय." आबांनी त्यासाठी उंच गाडी घेतली. ती मूठ बघून घेतली. दर सोमवारी दोघं बावड्याहून भवानीनगरला काकूंच्या बहिणीकडे जायची. आबा चालवायचे आणि काकू शेजारी बसून त्यांच्या चालवण्याला नावं ठेवायच्या. काकूंचं बाहेरचं जग म्हणाल तर तेवढंच, ती सीट आणि तो सोमवार.

मग ते साल आलं.

आबांची गाडी जुनी झाली होती. नवीन मॉडेलची पांढरी गाडी शोरूमला लागली तसे आबा आले. पाणी झालं, आणि विचारलं, काय काढलं? पोरगं म्हणालं, काही नाही आबा, ह्या वेळी नुसतं वाढवलंय. आबांचा विश्वास बसेना, म्हणून त्याने त्यांच्यासमोर कंपनीच्या ट्रेनिंगवाल्याला फोन लावला. तोही म्हणाला, काही काढलेलं नाही. जादा एअरबॅग, जादा कॅमेरा, सगळं जादाच. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्यालाही कुणी सांगितलं नसणार. काढणाऱ्याने काढलं आणि तो जेवायला गेला, असाच तो कारभार आहे.

आबांनी गाडी नेहमीसारखी बघितली. ड्रायव्हरची सीट, मागची सीट, स्टेपनी. पुढचं डावं दार उघडलं, लावलं, आवाज ऐकला. आत बसले नाहीत. बसले असते तर चढताना हात आपोआप वर गेला असता. पण ती जागा मालकिणीची. म्हणाले, मागच्या खेपेसारखीच द्या, आणि जुनी गाडी एक्स्चेंजला लावली.

डिलिव्हरीच्या दिवशी दोघं जुन्या गाडीतूनच आली. काकूंनी हिरवं लुगडं नेसलं होतं. त्यांच्याकडे रीत अशी, की जुन्या गाडीला आधी हळदकुंकू लावायचं, इतकी वर्षं सांभाळलंस म्हणून हात जोडायचे, आणि मग नव्या गाडीकडे वळायचं. एकदा वळलं की जुनीकडे परत बघायचं नाही. काकूंनी सगळं केलं. तेवढ्यात एक्स्चेंजचा एजंट जुनी गाडी मागच्या गेटमधून घेऊनही गेला. आमच्याकडे गिऱ्हाईक आधीच तयार असतं.

नव्या गाडीवरचं कापड ओढलं, नारळ फुटला, टाळ्या झाल्या. आधी घरच्या बाईनं बसायचं. काकूंनी चांगला पाय पायरीवर ठेवला, डावा हात वर नेला आणि हिसका दिला.

तिथं काही नव्हतं. गुळगुळीत प्लास्टिक. हात त्याच्यावरून सर्रकन खाली आला आणि काकू मागच्या मागे फरशीवर पडल्या. फोटोवाला अजून म्हणत होता, काकू, इकडे बघा. सेल्सची पोरं धावली. त्यांनी काकूंना दंडाला धरलं, पायाला धरलं आणि उचलून सोफ्यावर आणून ठेवलं. पोरांची काही चूक नाही, मी तेवढी जवळ असते तर मीही तेच केलं असतं. पण काकूंचे डोळे मी बघितले. लागलं होतं कोपराला, पण त्या कोपराकडे बघतही नव्हत्या. पदर नीट करत होत्या, सारखा सारखा, नीट असलेला.

"मूठ न्हाय," एवढंच त्या आबांना म्हणाल्या.

त्या दिवशी आबांनी पाणी मागितलं नाही. मी ग्लास भरून उभी होते, ते माझ्या अंगावरून गेले. मॅनेजरना विचारलं, मूठ कुठं गेली. मॅनेजरनी गाडीत डोकं घालून पाहिलं आणि त्यांनाही तेव्हाच कळलं. मी शपथेवर सांगते, आमच्या अख्ख्या शोरूममध्ये कुणाला माहीत नव्हतं. आबा म्हणाले जुनी गाडी आणा. जुनी भिगवणच्या वाटेला लागली होती. शेवटी मागच्या सालाची आमची डेमो गाडी दाराशी आणली, तिला मूठ होती. मी स्वतः दार उघडून धरलं. काकूंनी मुठीकडे पाहिलं आणि मान हलवली. त्या पायऱ्यांशेजारच्या उतारावरून काठी टेकत रस्त्यापर्यंत चालत गेल्या. आबा मागून. पुढे रिक्षानं स्टँडवर आणि एसटीनं बावड्याला. एसटीच्या त्या उंच पायऱ्या काकू कशा चढल्या असतील, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

कंपनीला मी मेल पाठवला. परत पाठवला. फोन केले. वर्कशॉपवाले म्हणाले, मूठ मागवून बसवता येणार नाही, नव्या खांबाला भोकंच नाहीत, आणि पाडायची म्हटली तर आत एअरबॅग आहे. आबांनी नवी गाडी आमच्याकडून नेऊन भवानीनगरच्या वेल्डिंगवाल्याला दाखवली, त्यानेही तेच सांगितलं. मग कंपनीचं उत्तर आलं. मी ते आबांना वाचून दाखवलं. ग्राहकांच्या मागणीनुसार गाडीचा आतला भाग अधिक स्वच्छ आणि सुटसुटीत करण्यात आला आहे, असं लिहिलं होतं. आबांनी मला ते परत वाचायला लावलं.

"कोन गिऱ्हाईक?" ते म्हणाले. "नाव सांगा. मी त्याच्या घरी जातो."

असं गिऱ्हाईक जन्माला आलेलं नाही. कुठल्या माणसाने शोरूममध्ये येऊन सांगितलं असेल, की साहेब, ती म्हाताऱ्या माणसांना धरायची मूठ तेवढी काढून टाका, डोळ्यांत खुपते? कंपनीचे चार पैसे वाचले आणि त्याला त्यांनी सुटसुटीत नाव दिलं. निर्लज्जपणाला काही सीमा? आजही ते वाक्य आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

आबा गप्प बसणारे नव्हते. नवी गाडी त्यांनी पुतण्याला देऊन टाकली. आमच्याकडून एजंटचा पत्ता घेतला आणि भिगवणला गेले. जुनी गाडी एका मासळीवाल्यानं घेतली होती आणि मागची सीट पाडून बर्फाचे खोके भरले होते. आबांनी त्याला काय सांगितलं ठाऊक नाही, पण माणूस भला निघाला. त्याने गाडी धुऊन दिली, वर म्हणाला, वास जायला थोडे दिवस लागतील बरं का आबा. आबांनी ती बावड्याला नेली, लिंबू लावून आतून घासली, डावं दार उघडून ओट्याला लावली आणि सोमवारची वाट बघितली.

सोमवारी काकू ओट्यावर येऊन बसल्या. गाडीकडे बघितलं. तुमी जाऊन या, म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्यालाही. आबांनी रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, बहिणीचा निरोप आणला. मूठ होती तिथंच होती, पण काकूंचा हात काही वर गेला नाही. मला आबा म्हणाले, "तिला मुठीचा भरवसा ऱ्हायला न्हाय, ताई. हात घातला आन नसली तर, असं म्हणती." हे सांगतानाही त्यांचा आवाज चढलेलाच होता. रडणारा माणूस नव्हे तो. त्यांना दुसऱ्या कुठल्या रस्त्यानं दुःख बाहेर काढता येत नसावं.

काकू पुढच्या थंडीत गेल्या. छातीत कफ झाला होता. गाडीचा आणि त्याचा काही संबंध नाही, मी उगाच जोडणार नाही. पण फाटकाबाहेर न पडता गेल्या, हा संबंध मी जोडणारच. भवानीनगरची बहीण आली ती थेट मातीलाच.

त्यानंतर नव्या मॉडेलांच्या दिवशी आबा यायचे बंद झाले. केळी नाहीत, डाळिंब नाही. मॅनेजर साहेब निवांत. आणि मग गेल्या खेपेला कंपनीकडून पोस्टरं आली ती मी उलगडली आणि परत वाचून पाहिली. सगळ्या उंच गाड्यांत ह्या साली नवीन काय, तर पुढच्या डाव्या खांबाला मूठ. असिस्ट ग्रिप, असं नाव. पोस्टरवर एक पांढऱ्या केसांची म्हातारी ती धरून हसत गाडीत चढत होती. आपल्या आदरणीय ज्येष्ठांसाठी, असं खाली. पोस्टरांसोबत पिवळे गोल स्टिकर आले होते, 'नवीन' लिहिलेले. एक स्टिकर त्या मुठीवरच लावायचा, अशी सूचना.

त्या दिवशी आबा आले. कुणी सांगितलं, माहीत नाही, मी तर नाही. गाडी बाहेर दिसली नाही, एसटीनं आले असणार, धोतराला धूळ होती. बारीक झाले होते. चपला बाहेर काढल्या, गर्दीतून सरळ पांढऱ्या गाडीपाशी गेले आणि डावं दार उघडलं. सेल्सचं पोरगं नवं होतं, त्याला हा माणूस ठाऊक नव्हता. त्याने पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली, की ह्या वर्षी प्रथमच. आबांनी डावा हात वर नेऊन मूठ धरली. धरून उभे राहिले. त्यांची बोटं पांढरी पडली तरी सोडेनात. पोरगं मॅनेजरना बोलवायला गेलं.

मॅनेजर साहेब आले. हात जोडले आणि जे बोलू नये नेमकं तेच बोलले. म्हणाले, आबा, बघा, तुमच्यासारख्यांच्या सांगण्यावरूनच कंपनीनं आणली.

आबांनी मूठ सोडली. अंगठ्याच्या नखानं तो पिवळा स्टिकर एका बाजूनं उचलला आणि सावकाश सोलून काढला. घाई केली नाही, तुकडा मागे राहू दिला नाही. तो मॅनेजरच्या तळहातावर ठेवला.

"ह्याला नवीन म्हनू नगा."

आणि वळून चालू लागले. आबा दारात चपला घालत होते तेवढ्यात मॅनेजरनी ड्रॉवर उघडला, दुसरा स्टिकर काढला आणि चिकटवला. आमच्याकडे अख्खं बंडल होतं ना. आबांनी काचेतून ते बघितलं. चपला परत काढल्या. आत आले, तोही स्टिकर तसाच सोलला, माझ्या टेबलासमोरची खुर्ची स्वतः उचलून नेली आणि गाडीच्या डाव्या दारापाशी मांडून बसले.

मॅनेजर एकदा बंडल घेऊन पुढे झाले. आबांनी नुसती मान वर करून पाहिलं. मॅनेजर बंडल घेऊन मागे गेले. केक कापला गेला, गाणं वाजलं, माणसं आली आणि गेली, आबांना वळसा घालून. कुणी त्यांना उठा म्हणालं नाही. म्हणालं असतं तर मी तिथं होते. संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं तेव्हाही ते तसेच बसून होते, उघड्या दाराला पाठ लावून, आणि मुठीवर काही चिकटवलेलं नव्हतं.